हेडलाइटची काच परत परत पिवळी पडते? आधी तिच्यावर पाणी मारून बघा

कार्तिकीनंतरची गोष्ट आहे, २०२३ सालची. पंढरपूरहून मोहोळमार्गे रात्री सोलापूरला परत येत होतो. कारखाने सुरू झालेले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. त्यातल्या एकीला मागे ना दिवा, ना रेडियम. मला ती दिसली तेव्हा बाहेर लोंबणारं वाढं बॉनेटपासून हातभर राहिलं होतं. ब्रेक लागला, काही झालं नाही. पण शेजारी बसलेला मेव्हणा दोन मिनिटांनी हळूच म्हणाला, "दाजी, लाइट लावलाय न्हवं ओ?"

लावला होता. अप्परसुद्धा लावला होता. काचेतून रस्त्यावर पडत होता तो हळदीच्या पाण्यासारखा उजेड.

वाईट याचं वाटलं की त्याआधी तीन वेळा मी त्या काचा साफ केल्या होत्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टूथपेस्टने, पुढच्या वर्षी गॅरेजात बफिंग करून, आणि २०२२ च्या दिवाळीत घरी घासून वर स्प्रेचा डबा मारून. टूथपेस्ट दोन महिने टिकली, बफिंग चार महिने, स्प्रे होळीपर्यंत. दर वेळी काच चकचकीत झाली की मी फोटो काढायचो, आणि दर वेळी काही महिन्यांत ती परत पिवळी व्हायची. ज्यांची काच एकदाच खराब झाली आहे त्यांना वाटेल ते चालेल. ज्यांची परत परत होते त्यांच्यासाठी हे लिहितोय.

काच म्हणतो, पण ती काच नाही

अॅम्बॅसिडर, पद्मिनीच्या गोल दिव्यांना अस्सल काच असायची. दगड लागला तर फुटायची, पण वीस वर्षांनीही पिवळी पडायची नाही. अमेरिकेत तर १९४० पासून काचेचे सीलबंद दिवेच सक्तीचे होते. तिथला नियम १९८३ मध्ये सैल झाला आणि मग सगळीकडेच हळूहळू पॉलिकार्बोनेट आलं. हलकं, हवा तसा आकार घेणारं, दगडाला दाद न देणारं. एवढ्या गुणांत दोन खोडी आहेत. एक म्हणजे त्यावर ओरखडे चटकन उठतात. दुसरी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं.

कंपनीला हे माहीत असतं, म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर देतात. नव्या गाडीची काच चमकते ती या थरामुळे. हा थर काही वर्षांनी उन्हाने झिजतो, तडकतो, पापुद्र्यासारखा सुटतो. त्यानंतर खालचं प्लास्टिक उघडं पडतं.

आता माझी चूक लक्षात येईल. टूथपेस्टमध्ये बारीक खरवड असते, ती वरचा पिवळा भाग घासून काढते. बफिंगही तेच करतं, मशीनने. दोन्हीत काच साफ होते, पण उरलासुरला थरही निघून जातो, आणि ते उघडं प्लास्टिक घेऊन आपण गाडी परत उन्हात लावतो. सोलापूरच्या उन्हात! इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो हे कुणाला सांगायला नको. घासणं हा निम्मा इलाज आहे. गेलेला थर परत घालणं हा उरलेला निम्मा, आणि तोच आपण सोडून देतो.

पाण्याची परीक्षा

घासायचा पेपर-बिपर आणण्याआधी तांब्याभर पाणी घ्या आणि काचेवर ओता. काच ओली असताना नीट बघा.

ओली झाल्यावर धुरकटपणा जवळजवळ गेला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घरी सुटण्यासारखा आहे. वरचे बारीक खड्डे आणि ओरखडे उजेड विखरून टाकतात. पाणी त्या खड्ड्यांत भरलं की विखुरणं कमी होतं. ओल्या फरशीचा रंग खुलतो ना, तसंच. पिवळी झाक मात्र ओल्यातही थोडी दिसेल, ती चालेल.

ओली असतानाही आत जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील, काचेच्या पोटात कोळी बसल्यासारख्या, तर त्या खोलवर गेल्या आहेत. घासून थोडा फरक पडेल, पूर्ण नाही.

आणि ओली काय, कोरडी काय, डाग जिथल्या तिथे असेल तर तो आतल्या बाजूला आहे. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून आत बघा. पाण्याचे थेंब किंवा ओघळ दिसले तर मागचं रबराचं टोपण सुटलेलं असतं किंवा जोड उघडलेला असतो. पावसात आत हलकी वाफ धरणं आणि लाइट लावल्यावर थोड्या वेळात ती जाणं यात काही बिघाड नाही, कारण दिव्याला श्वास घ्यायला छिद्रं ठेवलेलीच असतात. ती सिलिकॉनने बुजवू नका, मग आलेली वाफ कायमची आतच राहते. तळाशी पाणी साचत असेल तर मात्र टोपण काढून उन्हात वाळवा आणि जोड बघा. बल्ब काढलाच तर त्याच्या काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणाने हॅलोजन तिथेच तापून लवकर जातो.

आतला चांदीसारखा आरसा काळपट किंवा पोपडे आलेला दिसला तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. नवा दिवा घ्या.

याच परीक्षेमुळे एक जुनं कोडंही सुटलं. नाक्यावरचा एक पोरगा पेट्रोलचा बोळा फिरवून काच "नवीन करून" द्यायचा. कुणी खोबरेल लावतं, कुणी रॉकेल. ही सगळी पाण्याचीच जादू आहे, तेल-रॉकेलाची तेवढी उशिरा वाळणारी. खोबरेलाने निदान नुकसान नाही, धूळ तेवढी चिकटते. पेट्रोल आणि थिनर मात्र पॉलिकार्बोनेटला खातात, त्याने वर सांगितलेल्या आतल्या भेगा पडतात. मच्छर पळवायच्या काही औषधांत डीट असतं, त्यानेही काच क्षणात साफ दिसते, कारण ते वरचं प्लास्टिक विरघळवतं. हा उपाय मोबाइलवर फिरत असतो. करू नका.

माझीच डावी बाजू का?

माझी डावी काच उजवीपेक्षा नेहमी दुप्पट खराब असायची. वायरिंगपासून बल्बपर्यंत सगळं बघून झालं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. तिथे शेड फक्त मालाच्या गाड्यांना, आमच्या गाड्या उघड्यावर. रोज त्याच लिंबाजवळ, तोंड पश्चिमेला करून लावायची सवय. दुपारी बारा ते पाच ऊन सरळ नाकावर, आणि दक्षिणेकडची बाजू म्हणजे डावी. झाडाची सावली पडायची ती डिकीवर.

आता उलटी लावतो. एवढ्याशा बदलाला एक पैसा लागला नाही.

घासायचं काम

रंगाच्या दुकानात वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर मागा: ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा (आकडा मोठा तसा पेपर बारीक). प्रत्येकाचा एकेक ताव पुरतो. मास्किंग टेप घ्या, स्वस्तातला नको, तो उन्हात चिकटून बसतो आणि काढताना गोंद मागे ठेवतो. स्प्रेची बाटली, त्यात पाणी आणि शांपूचे दोन थेंब. बोअरचं पाणी असेल तर ते चालेल, पण शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने करा, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. नळाला पाणी ज्या दिवशी येतं तो दिवस गाठा, हे सोलापूरकराला सांगायला नको.

आधी गाडीचं तोंड नीट धुवा. आपल्याकडच्या धुळीत खडीचा चुरा असतो, तो पेपरखाली आला की खोल चर पडतो. मग काचेभोवती टेपचे दोन-तीन थर. बंपर आणि बॉनेटचा रंग एका फटक्यात जातो, मी अनुभवाने सांगतोय, माझ्या डाव्या फेंडरवर अजून ती खूण आहे.

८०० पासून सुरुवात. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवून ठेवा, काच सतत ओली ठेवा, आणि हात आडवाच चालवा, गोल गोल नको. पहिल्यांदा पेपरखालून जो चिखल निघतो तो पिवळसर असतो. तो मेलेला थर आहे. घासत राहा. हळूहळू पाणी नुसतं दुधासारखं पांढरं यायला लागतं. पिवळा रंग पूर्ण थांबेपर्यंत ८०० सोडायचा नाही, हे या सगळ्या कामातलं एकच गुपित. थर काही ठिकाणी निघाला आणि काही ठिकाणी राहिला तर त्याची कड नकाशातल्या बेटासारखी दिसते, आणि पुढे कितीही पॉलिश केलं तरी ती जात नाही. ओल्या काचेवर ही कड दिसत नाही, म्हणून मधूनमधून पुसून, वाळवून बघा. बोट फिरवलं तरी कळते.

८०० संपतो तेव्हा काच सगळीकडे सारखी, आंघोळीच्या खोलीच्या खिडकीसारखी दुधी होते. या टप्प्यावर घरातलं कुणीतरी येऊन बघतंच. आमचे अप्पा चहा घेऊन आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "होती ती बरी होती की रे." घाबरू नका, हे असंच दिसायला पाहिजे.

त्यानंतर १०००, या वेळी हात उभा. दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे उठून दिसतात, ते सगळे गेले की हा पेपर संपला. दोन पेपरांच्या मध्ये काच, हात आणि बादली धुवा. ८०० चा एक कण पुढच्या पाण्यात राहिला तर त्याने ओढलेली रेघ काढायला परत मागे जावं लागतं. एका काचेला मला तासभर लागला. मनगट दुसऱ्या दिवशी दुखतं.

इथून पुढे दोन वाटा आहेत, आणि कुठली घ्यायची ते आत्ताच ठरवायचं.

क्लिअर की पॉलिश?

२०२२ ला मी दोन्ही केलं होतं. २००० च्याही पुढे जाऊन कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) काच आरशासारखी केली आणि तिच्यावर स्प्रेच्या डब्यातला क्लिअर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर मारला. होळीच्या आसपास तो कडेकडेने सुटायला लागला, उन्हाने पाठीची कातडी सुटते तसा. कारण साधं आहे. क्लिअरला धरायला खरखरीत पृष्ठभाग लागतो, गुळगुळीत काचेवर तो बसत नाही, आणि कंपाउंडमधलं मेणतेल राहिलं असेल तर अजिबातच नाही. शिवाय तो डबा फर्निचरचा होता. त्यात अतिनील किरणं अडवणारं काही असेलच असं नाही, आणि आपल्याला हवं असतं तेच.

म्हणून क्लिअर मारायचा असेल तर १००० वर, फार तर १५०० वर थांबा. पॉलिश करू नका. दुधी काचेवर क्लिअर पडला की तो ओरखड्यांत भरतो आणि काच डोळ्यांदेखत उघडते. तीच ती पाण्याची जादू, फक्त या वेळी न वाळणारी.

क्लिअर कुठला? गाडीच्या रंगावर मारतात तो दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा. टिकायला तोच. पण तो घरी मारू नका असं मी सांगेन. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा फुप्फुसात गेला तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून ते अडत नाही. जुना पुणे नाका भागातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मी काच घासून, टेप मारून तयार गाडी नेली. दुसऱ्या एका गाडीचं दार रंगवून त्याच्या स्प्रे-गनमध्ये क्लिअर उरला होता. मिसळलेला क्लिअर काही तासांत कडक होतो, तो ठेवून देता येत नाही. "घासून आणलाय म्हणून करतो," म्हणाला, आणि दोन काचांचे चहापाण्याएवढेच पैसे घेतले. घासायचे त्याचे दोन तास वाचले होते. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्याचं काम चालू असेल तेव्हाच जा.

मारण्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. करोनात उरलेलं सॅनिटायझर वापरायचा मोह होईल, पण त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा तेलकट थर मागे राहतो. पेंटिंगवाल्याने आधी क्लिअरचा एक हलका हात मारला, नुसती दवासारखी झाक. दहा मिनिटांनी दोन भरपूर हात. गाडी रात्रभर शेडमध्येच ठेवली आणि आठवडाभर तोंड धुतलं नाही.

हंगाम बघा. मे महिन्याच्या दुपारी क्लिअर काचेवर पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. पावसाळ्यात दमटपणाने पांढरट पडतो. दिवाळी ते संक्रांत, सकाळची वेळ, वारा नसलेली. बास.

दुसरी वाट पॉलिशची, ज्यांना गनवाला सापडत नाही त्यांच्यासाठी. १५००, २०००, जमलं तर ३०००, मग ड्रिलला फोमचं पॅड लावून कंपाउंड. ड्रिल हळू चालवा आणि एका जागी धरू नका, प्लास्टिक तापून वितळतं. त्यानंतर अतिनील संरक्षण असं स्पष्ट लिहिलेलं सीलंट. हे दर दोन-तीन महिन्यांनी लावावं लागतं. विसरलात की परत पहिल्यापासून. मला विसरायची खात्री होती म्हणून मी पहिली वाट घेतली. पॉलिश केलेल्या काचेवर पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवून घेणं हाही चांगला उपाय आहे, बाक असलेल्या काचेवर ती बसवायला मात्र सराईत हात लागतो.

दोन गोष्टी ज्या काचेच्या नाहीत

उजेड कमी पडतो म्हणून बरेच जण आधी बल्ब बदलतात. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९०. धुरकट काचेतून जास्त उजेड सोडला की तो जास्त विखुरतो, आपल्याला रस्ता तेवढाच दिसतो आणि समोरच्याचे डोळे जातात. वर वायर आणि होल्डर तापतात, आतला आरसा करपतो. आधी काच, मग बल्ब. काच साफ झाल्यावर बहुतेकांना जुनाच बल्ब पुरतो.

आणि काच झाल्यावर गाडी रात्री भिंतीसमोर सपाट जागेवर, पाच मीटरवर उभी करा आणि डिपर लावा. धुरकट काचेमागे लाइटचा अँगल बिघडलेला असला तरी कळत नाही. माझा उजवा दिवा भिंतीवर वीतभर वर मारत होता, किती वर्षं कुणास ठाऊक. मागच्या स्क्रूने खाली घेतला. त्याआधी स्टिअरिंगजवळची लेव्हलची चकती शून्यावर आहे ना ते बघा, नाहीतर चुकीच्या जागी स्क्रू फिरवत बसाल. ज्यांची गाडी पंधरा वर्षांची होऊन री-पासिंगला जायची आहे त्यांनी हे आरटीओच्या आधी घरीच उरकावं.

क्लिअर मारून दोन उन्हाळे गेले. परवा नळाला पाणी आलं तेव्हा तांब्याभर घेऊन दोन्ही काचांवर ओतलं. ओली आणि कोरडी यांत फरक सांगता आला नाही. उजव्या काचेत वरच्या कोपऱ्यात क्लिअरखाली एक पांढरा धागा मात्र अडकलाय, बोटाच्या पेराएवढा. शेवटचा हात फिरवताना मी काच आमच्याच कारखान्यातल्या एका सेकंडच्या टॉवेलने पुसली होती, नवा, न धुतलेला. मायक्रोफायबर गाडीतच होतं.